शेवंती भादरली

बिराप्पाला साताऱ्यात येऊन बरेच दिवस लोटले होते, पण कॉलनीच्या लेखी तो अजून तानाजीचा गावाकडनं आलेला बापच होता. आटपाडीच्या अंगाचा धनगर गडी. उभा जन्म मेंढरांमागं माळ तुडवण्यात गेला. मग छातीत दम धरायला लागला, चार पावलं टाकली की थांबावं लागायचं. तेव्हा मेंढरं धाकट्या लेकाच्या हवाली करून तो थोरल्याकडं आला. तानाजी औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात कामाला, सून मंगल घरात बायकांची ब्लाउजं शिवायची. दोघंही जीव लावणारी. खायला-प्यायला कमी नव्हतं, कमी होतं ते काम. झोपेतसुद्धा मेंढरं राखायची सवय असलेल्या माणसाला दिवसभर गॅलरीत बसून जाणाऱ्या-येणाऱ्या रिक्षा बघायला लावल्या, तर त्याचं काय होणार?

सकाळी कोपऱ्यावरच्या टपरीपाशी पेन्शनरांची बैठक भरायची. बहुतेक सगळे लष्करातनं उतरलेले. कुणी लेहचं सांगायचा, कुणी तेजपूरचं. बर्फ, बंदुका आणि कँटीनची रम असा सगळा मामला. बिराप्पा कडेच्या बाकावर बशीतला चहा फुंकत ऐकायचा. मेंढरांचं तिथं कोण विचारणार? विचारलं होतं ते एकट्या सुभेदार लालासाहेबांनी. त्यांनी लडाखात पश्मिना शेळ्यांचे कळप बघितले होते, म्हणून एकदा सहज विचारलं, "बिराप्पा, तुमी मेंढरं भादरता ती कशी रं?" आणि बिराप्पा जो सुटला तो चहा निवला तरी थांबेना. मेंढरं आधी ओढ्याच्या डोहात कशी घालायची, चोळून कशी धुवायची, उन्हात वाळवायची आणि मग कातरीनं लोकर कशी उतरवायची, सगळं त्यानं हातवारे करून सांगितलं. त्या दिवसापासनं तो लालासाहेबांचा झाला.

लालासाहेबांचा बंगला अगदी शेजारी. घरात ते आणि शेवंती. शेवंती म्हणजे ल्हासा अप्सो जातीची कुत्री. तिचे केस जमिनीला टेकायचे, रंग दुधावरच्या सायीसारखा. तिला आणलं होतं लालासाहेबांच्या बायकोनं, शालूबाईंनी. रोज दुपारी शालूबाई पायरीवर बसायच्या आणि शेवंती आपणहून त्यांच्या पायांपाशी येऊन उताणी पडायची, चारी पाय वर. मग पोटापासनं सुरुवात. बोटांनी गाठ सोडवायची, थर उचलायचा, कंगवा फिरवायचा, पुढचा थर. शेवटी कपाळावर एक रिबीन. गल्ली हसायची, पण हसता हसता बघत उभी राहायची. मागल्या वर्षी शालूबाई चालत्या-बोलत्या गेल्या. तेव्हापासनं लालासाहेबांनी शेवंतीच्या अंगाला कात्री लावू दिली नव्हती.

"हे केस तिच्या हातचं हायती," ते म्हणायचे, आणि मग उगाच खाकरायचे.

उन्हाळ्याच्या तोंडावर लालासाहेबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. लेक प्रियदर्शनी सांगलीला विश्रामबागेत राहायची. ऑपरेशन तिकडंच, आणि पुढं हिंडू-फिरू लागेपर्यंत मुक्कामही तिच्याकडंच. लेकीचं बाळ लहान, फ्लॅट वरच्या मजल्यावर, तिथं कुत्री न्यायची सोय नव्हती. लालासाहेब शेवंतीला घेऊन बिराप्पाच्या दारात आले.

"बिराप्पा, तुज्याबिगर मला कोन दिसत न्हाई. केसाचं जनावर हाय, आनि केसातलं तुला जेवढं कळतं तेवढं हितं कुनाला कळत न्हाई."

बिराप्पाची छाती दमा विसरून फुगली. या गावात आल्यापासनं पहिल्यांदाच कुणी त्याच्या हातात जनावर देत होतं.

"रोज विंचरायची," लालासाहेबांनी कंगव्याचा डबा पुढं केला. "पोटाखालनं सुरू करायचं. वरनं न्हाई. शालू म्हनायची, वरचं केस लबाड असत्यात."

"आवं सुभेदार, मेंढराच्या अंगावर काय कमी लोकर असती व्हय? तुमी बिनघोर जावा."

पहिले काही दिवस त्यानं सगळं जसंच्या तसं केलं. दुपारी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसायचा. शेवंती येऊन उताणी पडायची, जणू तिला माणूस बदलल्याचं कळलंच नव्हतं. बिराप्पाची बोटं जाड, पण केसात शिरली की हलकी व्हायची. थर उचलावा, कंगवा फिरवावा. त्यालाही बरं वाटायचं. कितीतरी दिवसांनी हाताला ऊबदार जनावर लागत होतं.

मग एक दिवस रिटायर्ड हवालदार नानासो दुपारच्याला तिथनं चालला होता. तो थांबला, कंबरेवर हात ठेवून बघत राहिला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "बिराप्पा, वेनी घाल की रं तिची! गजरा आनू का?"

समोरच्या दारातल्या बायका हसल्या. रिक्षावाला हसला. दुसऱ्या दिवशी टपरीवर तेच. "आज भांग कुठल्या बाजूला पाडला बिराप्पा?" लालासाहेब असते तर कुणाची छाती झाली नसती, पण लालासाहेब सांगलीला. बिराप्पाही हसला, पण हसताना त्याचे कान तापले. त्याच्या मेंढरांच्या वाड्यावरची कुत्री कशी होती? गळ्यात खिळ्यांचे पट्टे, लांडग्याच्या अंगावर जाणारी. आणि त्याच वाड्याचा धनी आता पायरीवर बसून कुत्रीची वेणीफणी करत होता. त्याला फार लाज वाटली. लाजण्यासारखी ती गोष्ट नव्हती, पण वाटली खरी.

त्यानं विंचरणं घरात नेलं. घरात मंगलच्या गिऱ्हाइकिणी. माप द्यायला आलेल्या पोरी तोंडाला ओढणी लावून खिदळायच्या. मग बिराप्पानं निराळीच तऱ्हा काढली. शेवंतीला उभी करायची आणि उभ्याउभ्याच पाठीवरनं, शेपटीवरनं कंगवा ओढून मोकळं व्हायचं. चहा उकळेपर्यंत काम संपायचं. आणि गंमत अशी की वरनं शेवंती रेशमासारखी चमकायची. कुणी म्हणणार नाही की हिचं पोट विंचरायचं राहिलंय. शेवंती मात्र रोज दुपारी पायरीपाशी जाऊन उताणी पडायची, वाट बघायची आणि कुणी येत नाही म्हटल्यावर उठून आत यायची. पुढं पुढं तिनं पडायचंही सोडलं.

संध्याकाळी सांगलीहून लालासाहेबांचा व्हिडिओ फोन यायचा. मंगल फोन धरायची. लालासाहेब पलंगावर, गुडघ्याला पट्टी, चष्मा नाकावर.

"शेवंते, ए शेवंते!"

शेवंती फोनभोवती नाचायची.

"झ्याक ठेवलीयास गड्या. पोट विंचरलं का?"

"व्हय की," बिराप्पा म्हणाला.

ते खोटं त्याच्या तोंडातनं इतकं सहज गेलं की त्याचं त्यालाच नवल वाटलं. दुसऱ्या दिवशी परत तोच सवाल, परत तेच उत्तर. मंगल फोन धरून उभी असायची. फोन ठेवताना ती एकदा सासऱ्याकडं बघायची.

एरवी त्याचं आणि शेवंतीचं छान जमलं होतं, हेही सांगायला पाहिजे. सकाळी दोघं चालायला जायची. बिराप्पाला दम लागून तो थांबला की शेवंतीही थांबायची, त्याच्या पायावर बूड टेकून बसायची आणि त्याचा श्वास जाग्यावर आला की उठायची. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. एवढ्या मोठ्या कॉलनीत आपल्या दमाची दखल घेणारं हे एकच जनावर, असं त्याला वाटायचं. म्हणजे जीव नव्हता असं नाही. जीव होता, पण लाज त्याच्या वरचढ ठरली.

मग शेवंती लंगडायला लागली. पुढचा डावा पाय अवघडून टाकायची. काटा असेल म्हणून बिराप्पानं तिला उचलून उलटी केली, आणि त्याचा हात तिथंच थांबला. दोन्ही बगलांत केसांचे घट्ट गोळे. पोटाखाली गोळे. कानामागं, मांड्यांच्या आत, सगळीकडं. एका गोळ्यानं बगलेची कातडी इतकी ओढून धरली होती की पाय पुढं टाकला की ताण बसत होता. त्यानं बोट लावलं तशी शेवंती गुरगुरली, आजवर पहिल्यांदा. वरनं तेवढीच रेशमी, खालनं ही दशा. शालूबाईंचं म्हणणं त्याला आठवलं आणि त्याच्या कानशिलात कुणीतरी ठेवून दिल्यासारखं झालं.

त्याच संध्याकाळी फोन आला. लालासाहेब काठी टेकत खोलीत चालून दाखवत होते. "येत्या ऐतवारी येतोय गड्या! तयार ठेव तिला!"

आता काय करावं? बिराप्पानं डोकं चालवलं, आणि धनगराचं डोकं धनगरासारखंच चालणार. लोकर मळली, चिकटली, गुठळ्या झाल्या, तर काय करतात? जनावर पाण्यात घालतात. त्याच्या बापानं तेच केलं, आज्यानंही तेच केलं. मळ गेला की गाठ आपसूक सैल पडेल.

"आधी विंचरून बघूया का मामा?" मंगलनं भीत भीत सासऱ्याला विचारलं. "न्हाईतर त्या कुत्र्याच्या पार्लरमधी नेऊया. नाक्याकडं हाय म्हनं एक."

"पार्लर?" बिराप्पा भडकला. "ह्या हाताखालनं किती जनावर गेलंय, ठावं हाय का तुला?"

मोरीत गरम पाणी काढलं. शाम्पूची अख्खी बाटली ओतली. मेंढरं चोळतात तसं दोन्ही हातांनी गोल गोल, दाबून दाबून चोळलं. शेवंती बिचारी डोळे मिटून उभी राहिली. काळं पाणी निघायला लागलं तसा बिराप्पा खूश झाला, "बघ, मळ कसा सुटतोय!" मग तिला गच्चीवर नेऊन उन्हात बसवलं आणि स्वतः सावलीत बसून राहिला. ऊन कडक होतं. केस वाळले.

वाळल्यावर त्यानं पोटाला हात लावला.

गोळे सुटले नव्हते. गोळ्यांचे गोळे एकमेकांत शिरले होते. बगलेपासनं मांडीपर्यंत सगळं एकजीव होऊन टणक बसलं होतं आणि कातडीला लगटलं होतं. पाठीवरचे केससुद्धा मुळाशी धरले होते. बिराप्पानं ते दाबलं, चिमटीत धरून बघितलं, आणि त्याला ते ओळखू आलं. ते जेन होतं.

जेन म्हणजे धनगराचं अंथरूण. ते विणत नाहीत. लोकर पसरायची, साबणाचं गरम पाणी मारायचं आणि चोळायचं, तुडवायचं. लोकर आपोआप एकमेकींत घुसते आणि असा काही गालिचा होतो की फाडू म्हटलं तर फाटत नाही. बिराप्पा जेनावर जन्मला, जेनावर वाढला. लहानपणी जेन तुडवणाऱ्यांच्या मागं मागं त्यानंही पाय नाचवले होते. गरम पाणी, साबण आणि चोळणं यानं काय होतं हे साऱ्या कॉलनीत एकट्या त्याला ठाऊक होतं. आणि त्यानंच ते जित्या जनावराच्या अंगावर करून ठेवलं होतं. मेंढराला धुतात ते लोकर उतरवायची असते म्हणून. हिची तर राखायची होती! एवढी साधी गोष्ट त्याच्या टाळक्यात कशी आली नाही? तो गच्चीवर बसल्या जागी लाजेनं लहान लहान होत गेला.

मग खोबरेल तेल लावून बघितलं. बोटांनी उसवून बघितलं. शेवंती ओरडली, आणि एकदा त्याच्या मनगटाला दात लावून लगेच तिथंच चाटायला लागली. खालची कातडी लाल झाली होती. दिवस कलायच्या आत बिराप्पानं ट्रंक उघडली आणि फडक्यात गुंडाळलेली मेंढरं भादरायची कातर काढली. गाव सोडतानाही ती मागं ठेववली नव्हती. अधनंमधनं तो तिला तेल लावायचा.

हात मात्र विसरला नव्हता. डाव्या हातानं कातडी ताणून धरायची, कातर आडवी पाडून चालवायची. बगलेत एक बारीक चीर गेली, तिथं हळद दाबली. बाकी कुठं ओरखडा नाही. पोटाची, पाठीची, शेपटीची सगळी लोकर एका सलग तुकड्यात उतरली. भादरून झाल्यावर समोर एक गुलाबीसर, काडीच्या पायांचं, होतं त्याच्या निम्मंसुद्धा नसलेलं कुत्रं उभं होतं. त्यानं अंग झाडलं, घरभर धाव घेतली, फरशीवर पाठ घासली आणि न लंगडता परत येऊन बिराप्पाचे हात चाटले. मोकळं वाटलं असणार तिला. बिराप्पानं तोंड फिरवलं.

तो सलग तुकडा त्याला टाकवेना. धनगर लोकर टाकत नाही. त्यानं तो पिशवीत घालून कॉटखाली सारला.

रविवारी बिराप्पा आणि मंगल शेवंतीला घेऊन बंगल्याच्या पायरीपाशी थांबले होते, तेव्हा लालासाहेब गाडीतनं उतरले. एका हातात काठी, दुसऱ्यात सांगलीच्या पेढ्यांचा पुडा. फाटकातनंच त्यांनी हाक दिली, "शेवंते!"

एक बोडकं कुत्रं धावत गेलं.

"ही कुनाची रं?" ते म्हणाले. मग कुत्रं त्यांच्या धोतराला झोंबायला लागलं, उं उं करायला लागलं, आणि लालासाहेबांच्या हातातला पुडा खाली पडला.

बिराप्पानं सांगायचं ठरवलं होतं. आदल्या रात्रीपासनं मनात घोकलं होतं. पण त्या माणसाचा चेहरा बघितला आणि भलतंच बाहेर आलं.

"खरूज झाली व्हती सुभेदार. डाक्तर म्हनलं, केस काढल्याबिगर औशद लागनार न्हाई."

"कुठलं डाक्तर?"

तेवढ्यात मागनं मंगल म्हणाली, "आमच्या गावाकडचं आलं हुतं. जनावरांचं." आणि पदर सारखा करत खाली बघायला लागली.

लालासाहेब पायरीवर बसले. त्यांनी शेवंतीच्या उघड्या पाठीवरनं हात फिरवला, बगलेतली चीर बघितली, हळद बघितली.

"खरूज काय येका दिसात व्हत न्हाई," मग ते म्हणाले. "माज्याकडं हुती तवाच लागली असनार. शालू गेल्यावर मी तरी कुठं धड बघत हुतो. बरं झालं तू हुतास."

आणि त्यांनी बिराप्पाच्या हातावर हात ठेवला. तो हात बिराप्पाला निखाऱ्यासारखा लागला.

त्यानंतर लालासाहेब टपरीवर येईनात. नानासोनं विचारलं, "सुभेदार अजून सांगलीलाच काय?" बिराप्पा म्हणाला, "गुडगा दुकत असंल." बंगल्याचं दार दिवसभर लोटलेलं असायचं. घरात मंगल कामापुरतं बोलायची. एकदा त्याच्यापुढं ताट ठेवताना म्हणाली, "मी बोलले ते तुमच्यासाठी बोलले मामा. पन आता त्यांच्या दारावरनं जाता येत न्हाई मला. मान वर हुईत न्हाई." बिराप्पानं ताट बाजूला सारलं. आपण खोटं बोललो ते बोललो, सुनेलाही बोलायला लावलं.

आणि मग एका सकाळी लालासाहेब स्वतःच आले. काठी टेकत, दम खात जिना चढून. एका हातात शेवंतीची दोरी, काखेत कंगव्याचा डबा. शालूबाईंच्या रिबिनी वरच्या वर घडी करून ठेवलेल्या दिसत होत्या.

"बसत न्हाई," ते म्हणाले. "हिला तुज्याकडंच ऱ्हाऊ दे बिराप्पा. लय इचार केला. तू तिचा जीव वाचवलास. माज्यानं न्हाई जमलं. शालूनं येकच गोष्ट जपायला ठेवली हुती, आनि मी तिला खरूज होऊस्तवर बघितलं न्हाई. आता तिच्याकडं बघितलं की मला शालूपुढं उभं ऱ्हायल्यावानी वाटतंय."

त्यांनी दोरी पुढं केली.

आणि बिराप्पानं ती घेतली. हेच त्याला पुढं कधी स्वतःला माफ करता आलं नाही. शेवंती येऊन त्याच्या पायावर बूड टेकून बसली आणि क्षणभर, अगदी क्षणभरच, त्याला आनंद झाला. कुत्री आपली झाली. सकाळी चालायला सोबत झाली.

लालासाहेब एकेक पायरी उतरत गेले. बिराप्पा गॅलरीत आला. खाली ते आपल्या फाटकापाशी पोचले, कडी काढली आणि तिथंच थबकले. उजवा हात त्यांनी मागं धरला होता, दोरी धरतात तसा. त्यांच्या ते ध्यानात आलं. त्यांनी हात पुढं घेतला, त्याच्याकडं बघितलं आणि खिशात घातला.

बिराप्पाला ते बघवलं नाही. त्यानं कॉटखालची पिशवी ओढली, डबा घेतला, दोरी धरली आणि जिना उतरला. बंगल्याच्या पायरीशी पोचेपर्यंत छातीचा भाता झाला होता. शेवंती त्याच्यासाठी थांबत होती, पण आज तो थांबला नाही.

"सुभेदार!"

लालासाहेब वळले. बिराप्पानं पिशवीतला तुकडा काढून त्यांच्या पुढ्यात पायरीवर पसरला.

"बघा. ह्याच्यात खरूज दिसती का? गाठी हायती ह्या. लोक हसलं म्हनून म्या पोट विंचरायचं सोडलं. गाठी झाल्या. मग मेंढरागत धुतली, चोळली, त्याचं जेन झालं. मग भादरली. डाक्तर न्हाई, औशद न्हाई, काय न्हाई. तुमच्याकडं हुती तवा तिला कायबी झालेलं न्हवतं."

लालासाहेब उभेच राहिले.

"आनि मी फोनवर इच्यारत हुतो ते?"

"खोटं सांगत हुतो."

"रोज?"

"रोज."

गल्लीतनं भाजीची गाडी ओरडत गेली. लालासाहेब सावकाश वाकले, गुडघा वाकत नव्हता म्हणून कठड्याला धरून वाकले, आणि त्यांनी तो तुकडा उचलला. सायीच्या रंगाचा. त्यावरनं बोटं फिरवली, नाकापाशी नेला. बिराप्पा शिव्यांची वाट बघत होता. लष्करातला माणूस, शिव्यांना काय तोटा? पडल्या असत्या तर त्यानं पदरात घेतल्या असत्या.

"म्या ह्याचं सूत काढून..." तो चाचरत म्हणाला, "सूत कातायची चाती हाय माज्याकडं..."

"हात लावू नगंस आता त्याला," लालासाहेब म्हणाले. त्यांनी दोरी घेतली, डबा घेतला, तुकडा काखेत धरला. "जाताना फाटक लावून घे."

दुसऱ्या दिवशी बिराप्पा टपरीवर गेला तो केवळ न जाण्याचं कारण मंगलला सांगावं लागलं असतं म्हणून. कडेच्या बाकावर बसला. चहा बशीत ओतला. आणि समोरून काठीचा आवाज आला. लालासाहेब. सोबत दोरीला शेवंती, उन्हात गुलाबी दिसणारी.

"आरारा!" नानासो उठूनच उभा राहिला. "सुभेदार, ही काय दशा केली राव कुत्रीची? कुनी केलं हे?"

बिराप्पा मान खाली घालून बशीतला चहा फुंकायला लागला.

"उन्हाळा हाय," लालासाहेब म्हणाले आणि काठी टपरीच्या खांबाला टेकवली. "म्याच सांगितलं हुतं बिराप्पाला, भादर म्हनून."

"मग बरं केलंत," नानासो म्हणाला. दोघा-तिघांनी माना डोलावल्या. कुणीतरी कुठल्याशा पोस्टिंगमधल्या उन्हाळ्याचं सुरू केलं. विषय तिथं मिटला. लालासाहेबांनी बिराप्पाकडं बघितलं नाही. त्याच्या अंगावर पांघरूण घातलं आणि तोंड दुसरीकडं केलं. सुनेनं झाकलं, आता यांनीही झाकलं. बिराप्पाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काल शिव्या दिल्या असत्या, फाटकातनं ढकलून काढलं असतं, तर आज इथं बसणं सोपं गेलं असतं.

"न्हाई," तो म्हणाला.

आवाज बारीक निघाला. त्यानं बशी बाकावर ठेवली आणि उभा राहिला. "न्हाई. सुभेदारांनी सांगितलं न्हवतं. त्यांनी विंचरायला सांगितली हुती. माज्याकडनं विंचरली न्हाई, गाठी झाल्या. आधी धुतली आनि तिचं जेन करून ठेवलं. मग भादरली, आनि ते लपवाय खरूज झाली म्हनून खोटं सांगितलं."

नानासोच्या हसण्याचं नाव त्यानं घेतलं नव्हतं, आणि नानासोला ते आठवलंही नव्हतं. तोच आधी हसला.

"धनगर असून लोकर कळंना व्हय रं तुला! जेन केलं म्हनं कुत्रीचं!"

मग सगळेच हसले. चहावाला हसला. हसणं टपरीवर बराच वेळ फिरत राहिलं, आणि बिराप्पा त्याच्या मधोमध उभा राहिला, हात खाली सोडून. छाती वाजायला लागली होती.

लालासाहेब हसले नाहीत. त्यांनी बाकावर थोडं सरकून जागा केली.

"बस खाली," ते म्हणाले. "दम लागंल तुला."

बिराप्पा बसला. मान मात्र त्याला वर करता येईना. खाली बघितलं तर शेवंती त्याच्या पायांपाशी आली होती. तिनं एकदा जमीन हुंगली आणि कितीतरी दिवसांनी त्याच्यापुढं उताणी पडली, चारी पाय वर करून, डोळे मिटून. विंचरायला तिथं काही उरलं नव्हतं.